विहिरीसाठी केलेला कोळसा

फोन आला तेव्हा आमच्या सीवूड्सच्या घरी फिल्टरवाला आला होता. ओट्यावर सगळी मांडामांड करून, जुनी कार्बनची नळी हातात धरून तो मला समजावत होता, “मॅडम, हा फुल भरलाय, आता काय काम नाय करनार. चेंजच करावा लागेल.” अख्खं आयुष्य रसायनांच्या प्रयोगशाळेत घालवलेल्या बाईला तो कार्बन शिकवत होता, म्हणून मी जरा गमतीनंच ऐकत होते. तेवढ्यात फोन वाजला. म्हात्र्यांच्या बायकोचं, यमुनावहिनींचं नाव दिसलं. त्या स्वतःहून कधी फोन करत नाहीत. “बाई, हे गेलं,” त्या म्हणाल्या. “सकाली च्या घेतला, कुशीवर वलले, आनी गेलं...” पुढे काय बोललो ते मला आठवत नाही. फिल्टरवाला नळी धरून तसाच उभा होता. मी त्याला म्हटलं, बदल बाबा, आणि खुर्चीवर बसले.

हिरामण म्हात्रे आणि मी एका रंगाच्या कारखान्यात बरोबर नोकरीला होतो. मी प्रयोगशाळेत, ते प्लान्टवर. तिकडून ते नमुन्याची बाटली घेऊन यायचे आणि दारातूनच विचारायचे, “गायकवाडबाई, आज पास करताय का रडवताय?” मी बहुतेक वेळा रडवायची. माझा स्वभाव तेव्हाही गोड नव्हता. पण म्हात्रे नापास झालेली बाटली घेऊन परत जाताना कधी कुरकुरले नाहीत. दुसरी घेऊन यायचे. माणूस चिवट होता, आणि चिवट माणसाचं आयुष्यात काय होतं हे मी त्यांच्याच रूपानं पाहिलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. त्यात कोणाला उमेद वगैरे देण्याचा माझा विचार नाही.

त्यांचं गाव बोनकोड्याच्या पलीकडे, इमारतींच्या मधोमध अडकलेलं. शहर आलं तेव्हा शेतं गेली, मिठागरं गेली, उरलं ते गावठाण आणि त्यात म्हात्र्यांच्या घरामागची दगडी विहीर. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती होळीच्या दुसऱ्या दिवशी. ते मला आधी घरात न नेता विहिरीवरच घेऊन गेले. काठावर नवा दोर पडला होता आणि त्याला हळदीची बोटं ओढलेली होती. विहिरीत जे काही नवं उतरेल, दोर असो, बादली असो, अगदी पाण्याची मोटार असो, त्याला आधी हळद-तेल लावून विहिरीच्याच पाण्यानं न्हाऊ घालायचं, अशी त्यांच्या घरची रीत. “विहीर म्हंजे आमची आई,” म्हात्रे म्हणाले. “तिच्या अंगावर कोनी परकं जाऊ नये. नातं लावून मंगच पाठवायचं.” मी वाकून आत पाहिलं. पाणी होतं, भरपूर होतं, आणि त्याला नेलपॉलिशसारखा वास येत होता.

तो वास कोणत्या कारखान्याचा हे कोणालाच सांगता आलं नसतं. नाल्यात सगळ्यांचंच यायचं, आमच्याही कारखान्याचं येत असणार. म्हात्रे ते जाणून होते. ज्या नोकरीवर पोरं शिकली, घराला मजला चढला, तिचंच पाणी आईच्या पोटात गेलं हे त्यांनी मला एकदाच बोलून दाखवलं, आणि मग विषय बदलला. मी त्यांना माझ्या आईची गोष्ट सांगितली. माझी आई परभणीकडची. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांनी पाय ठेवायचा नाही, लांब उभं राहायचं, कोणी ओतलं तर भरायचं. ती गोष्ट तिनं आम्हा भावंडांना कितीदा सांगितली असेल. आणि इथे एक विहीर होती जिच्यावर कोणीही यावं, कोणीही दोर सोडावा, आणि कोणालाच ते पाणी पिता येऊ नये. मला त्या काठावर उभं असताना हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

म्हात्रे निवृत्त झाले त्या वर्षी त्यांच्या लेकीचं लग्न होतं. त्यांच्यात नवरीच्या हळदीला विहिरीचं पाणी आणतात. बायका वाजतगाजत, डोक्यावर हंडे घेऊन जातात, पूजा करतात, पाणी भरून आणतात आणि त्यानं नवरीला न्हाऊ घालतात. मीही गेले होते मिरवणुकीबरोबर. पाहते तर हंडे घरातूनच नळाच्या पाण्यानं भरून निघालेले. विहिरीपर्यंत न्यायचे, टेकवायचे, हळदकुंकू वाहायचं आणि तेच पाणी परत घरी आणायचं. बायका गाणी म्हणत होत्या, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, बरीच वर्षं असंच चाललं होतं. म्हात्रे मांडवाच्या खांबाला टेकून बघत होते. पाहुणे समजले, लेक जाणार म्हणून बापाचा चेहरा उतरला आहे. त्यानंतर काही दिवसांनी ते माझ्याकडे आले आणि चहाही न घेता म्हणाले, “बाई, विहिरीसाठी भाताच्या तुसापासून कार्बन करायचाय. मना शिकवा.”

मी त्यांना सरळ सांगितलं की तयार कार्बन तुर्भ्याला पोत्यानं मिळतो, आणून टाका. त्यांनी मान हलवली. “विकतचा नको. या विहिरीचं पानी पिऊन आमी भात पिकवला. आता भातानं तिला बरं करायला नको?” असल्या बोलण्यावर रसायनशास्त्रात उत्तर नाही. मी हात टेकले आणि शिकवायला लागले. गावात भात उरलं नव्हतं, म्हणून ते जासईकडच्या एका भातगिरणीतून तूस आणायचे. ते धुवायचं, वाळवायचं, फॉस्फोरिक ॲसिडात मुरवायचं, पुन्हा वाळवायचं आणि मग हवा लागू न देता बंद पेटीत घालून भट्टीत तापवायचं. ॲसिड तुसाला आतून पोखरत जातं. नुसतं जाळलं तर साधा कोळसा होतो, पण ॲसिड मुरवून जाळलं की त्याच्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, आणि पाण्यातला रंग, वास, नको ते सगळं त्या भोकांत जाऊन चिकटून बसतं. यमुनावहिनींनी विचारलं तेव्हा म्हात्र्यांनी सांगितलं, “घावनाला जाळी पडते ना, तशी.” वहिनी म्हणाल्या, “जाळी पडायला पीठ चांगलं लागतं,” आणि हसल्या.

सगळ्यात कटकटीचं काम शेवटचं, धुण्याचं. आत मुरलेलं ॲसिड पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं, लिटमसचा कागद तांबडा व्हायचा थांबेपर्यंत. गावात नळाला पाणी थोडाच वेळ येई, म्हणून म्हात्रे पिंपं भरून ठेवायचे. गच्चीवर त्यांचा कारभार चालायचा. हात काळे, बनियन काळं, मिशीसुद्धा काळी, निवृत्तीनंतर तरुण झालात म्हणून मी त्यांना चिडवायची. कित्येक घाणे फसले. कधी भट्टी कमी तापली, कधी पेटीत हवा शिरून सगळ्याची राख झाली. पण एका दिवाळीच्या आसपास एक छोटा घाणा साधला. बाटलीत कोळसा भरला, वरून विहिरीचं पाणी ओतलं, खालून थेंब थेंब पडायला लागले. मी हुंगलं. वास नव्हता. पुन्हा हुंगलं. म्हात्र्यांनी ते पाणी पेल्यात धरलं आणि माझ्यापुढे केलं. मी म्हटलं, “रिपोर्टशिवाय मी पाणी पीत नाही, म्हात्रे.” त्यांना राग आला नाही. “येऊ दे रिपोर्ट,” ते म्हणाले. “पयला पेला तुमचाच. आईला सांगा तुमच्या.” माझी आई तेव्हा हयात नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

त्याच सुमाराला गावकीत विहीर बुजवायचं निघालं. गाड्या लावायला जागा नाही, पोरं वाकून बघतात, डास होतात, आणि पाणी तर कोणी पीतच नाही. मुद्दे चुकीचे नव्हते. विहिरीवर भाऊबंदांचाही हक्क, त्यामुळे एकट्या म्हात्र्यांच्या नकाराला वजन नव्हतं. त्यांनी बैठकीत उभं राहून मुदत मागितली. ठरलं ते असं की विहिरीवर गाळणी बसवा, त्यातून आलेलं पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्या, पिण्याजोगं निघालं तर विहीर राहील. नाहीतर पावसाळ्याआधी भराव पडेल. म्हात्रे खुशीत माझ्याकडे आले. मी मात्र त्यांना स्पष्ट बोलले. म्हटलं, बाटलीचं वेगळं, विहिरीचं वेगळं. कोळसा भरतो, सारखा नवा घालावा लागेल, नाला तर बंद होणार नाही, आणि तिकडे जासईच्या शेतांत कंटेनर उभे राहतायत, उद्या तूस कुठून आणणार? ते शांतपणे म्हणाले, “मना सगळं ठाव हाय, बाई. एकदा लोकांनी पिऊन बघावं. मंग काय करायचं ते करू दे.”

पिंपभर कोळसा करायला त्यांना सगळा हिवाळा लागला. तेव्हाच खोकला सुरू झाला होता, पण भट्टीच्या धुरावर ढकलून ते मोकळे व्हायचे. शेवटचं धुणं झालं तेव्हा मी स्वतः जाऊन त्या धुण्याच्या पाण्याला लिटमस लावून पाहिला, तांबडा झाला नाही. कोळसा उत्तम होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तो गच्चीवर ताडपत्रीवर पसरला, आणि दुसऱ्या दिवशी लेकीनं बापाला ओढून छातीच्या डॉक्टरकडे नेलं. तपासण्यांमध्ये दिवस मोडला, म्हणून त्या रात्री ते तिच्याकडेच राहिले. परत आले तेव्हा कोळसा वाळत होता तसाच होता. त्यांनी तो फावड्यानं पिंपाच्या गाळणीत भरला, विहिरीच्या काठावर ते पिंप बसवलं, नळ लावला.

नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस आला त्या सकाळी अर्धं गाव काठावर होतं. यमुनावहिनी नवी साडी नेसल्या होत्या. नळ सोडला. पहिलं पाणी आलं आणि मला दुरूनच दिसलं की काहीतरी बिनसलंय, कारण बाटलीत पाण्यावर तवंग होता, आणि वास जसाच्या तसा. म्हात्र्यांनी बरंच पाणी सोडून दिलं, पुन्हा धरलं. तेच. माणूस आपली बाटली भरून, चिठ्ठी चिकटवून निघून गेला. तो रिपोर्ट काय येणार हे वाचायची गरजच नव्हती.

लोक पांगल्यावर मी पिंपाचं झाकण काढलं आणि मूठभर कोळसा चोळून पाहिला. हाताला बुळबुळीत लागला. कोळसा बुळबुळीत असूच शकत नाही. हात धुवायला त्यांच्या मोरीत गेले, साबण लावला, आणि फेस लाल झाला... ज्या घरात हळदीचे डाग धुतले जातात त्या घरातल्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. म्हात्रे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी फेसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विहिरीत काहीतरी नवं उतरणार होतं, ते परकं जाऊ नये, म्हणून कोणीतरी गच्चीवरचा सगळा कोळसा हळद-तेलानं माखून, विहिरीच्या पाण्यात भिजवून, न्हाऊ घालून परत वाळवला होता. काळ्यावर पिवळं दिसलं नाही. भोकं तेलानं बुजली, उरलेली विहिरीच्याच घाणीनं. दारात यमुनावहिनी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मी नळ मोठा केला आणि फेस वाहून जाऊ दिला.

बाहेर आल्यावर म्हात्रे मला फक्त एवढंच म्हणाले, “तिला काय बोलू नका.” मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, गावकीला खरं सांगा, अजून एक घाणा करू, तेवढा वेळ मागा. ते म्हणाले, “काय सांगू? माज्या बायकोनं घालवली?” गावकीच्या बैठकीला मी गेले होते, दाराशी बसले होते. रिपोर्ट वाचून झाल्यावर म्हात्रे उठले, खोकल्याची उबळ जिरेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, “माजंच गनित चुकलं. ॲसिड जास्त झालं.” मागून कोणी पोरगा बोलला, “काका, यूट्यूब बगून करायला गेले वाटतं,” आणि लोक हसले. म्हात्रेही हसले. मला त्या पोराच्या कानशिलात द्यावीशी वाटली. वहिनी बायकांमध्ये मान खाली घालून बसल्या होत्या.

मेमध्ये भराव पडला. डंपर आले, वरून पेव्हर ब्लॉक बसले, आता तिथे गाड्या उभ्या राहतात. एवढं सोपं असतं ते. मला खरं विचाराल तर कोळसा चांगला असता तरी विहीर वाचली नसती, फार तर एखादा पावसाळा पुढे गेली असती. म्हात्रे त्यानंतर गच्चीवर जाताना दिसले, पण मी विचारलं नाही. मग फुप्फुसांनी साथ सोडली. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. शेवटची भेट झाली तेव्हा ते खिडकीशी बसले होते. खिडकीतून पूर्वी विहीर दिसायची, आता कोणाची तरी पांढरी गाडी दिसत होती. बोलायला दम नव्हता. मी आपली इकडचं तिकडचं बोलत राहिले. निघताना त्यांनी बोटानं थांबवलं. “पेला राहिला, बाई,” म्हणाले.

दिवसकार्य झालं, लोकांची वर्दळ संपली, तेव्हा एका दुपारी यमुनावहिनी रिक्षा करून माझ्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी लोणच्याची बरणी काढून ओट्यावर ठेवली. आत कोळसा होता. “विहीर बुजवल्यावर केला ह्यांनी,” त्या म्हणाल्या. “गिरनी तवर बंद झालती, मागचं उरलेलं तूस होतं. विकतच्या पान्याच्या कॅनांनी धुतला. मना हात लावू दिला नाय.” मी बरणी उचलली, उजेडात धरली. वहिनी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “मना ठाव हाय, बाई. लाल फेस मी पन बगितला. येवडी वर्सं हलदीची लुगडी धुतली मी, मना नाय कलनार? मी म्हंटलं, हे बोलतील. शिव्या देतील. मंग मी रडेन आनी मोकली होईन. पन हे बोललंच नाय. गावासमोर चूक आपल्यावर घेतली, आनी मी बसून आयकली...” मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार. त्यांनीच मला हे सगळं लिहायला सांगितलं. गावात वाचतील, हसतील, म्हटलं मी. “हसू दे. त्यांचं गनित चुकलं असं लोकं बोलतात, ते मना नाय चालत.”

मग त्या ज्या कामासाठी आल्या होत्या ते बोलल्या. “ह्यांचं बरोबर होतं का, ते बगून सांगा. खरं सांगा.”

त्या गेल्यावर मी बराच वेळ बरणीसमोर बसले. कोळसा वाईट निघाला तर म्हात्र्यांची चूक, आणि चांगला निघाला तर विहीर वहिनींच्या हळदीनं गेली. आयुष्यभर नमुने पास-नापास केले, पण असा नमुना माझ्यापुढे कधी आला नव्हता. काहीच न करता बरणी परत द्यावी असंही वाटून गेलं. मग काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, निळ्या शाईचे थेंब टाकले, बरणीतला चमचाभर कोळसा घालून ढवळलं, झाकून ठेवलं. सकाळी गाळून पाहिलं. पाणी इतकं स्वच्छ होतं की पेल्यातून पलीकडच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचता आले.

मी फोन लावला. वहिनींनी पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, “बरोबर होतं, वहिनी. त्यांचं सगळं बरोबर होतं.” मग त्या म्हणाल्या, “मंग झालं.” आणि फोन ठेवला.

तो पेला अजून ओट्यावर आहे. शाईचं पाणी, कितीही स्वच्छ झालं तरी पिता येणार नाही, आणि ओतून टाकायला माझा हात धजत नाही. बरणी मी वरच्या फळीवर ठेवली आहे. असा कोळसा उघडा राहिला तर घरातली हवा, फोडणीचा वास, जे मिळेल ते ओढून घेतो आणि हळूहळू भरून जातो, मग त्याचा काही उपयोग राहत नाही. उपयोग तसाही कुठे उरला आहे? पण झाकण मी घट्ट लावून ठेवलं आहे.